नौपाड्यातला रेमेडियल क्लास: साडेचार वर्षांनंतर लिहितेय

सोसायटीतल्या दोघी-तिघींनी मनूचा क्लास कसा आहे विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आमची मनू (कागदावरची मानसी) जून 2021 पासून ठाण्याच्या नौपाड्यात विष्णूनगरच्या बाजूला एका बाईंकडे वाचन-लेखनाच्या रेमेडियलला, म्हणजे मागे पडणाऱ्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवतात त्या क्लासला, जाते. तेव्हा चौथीत होती, आता आठवीत आहे. तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे हुशार असूनही वाचायला-लिहायला जड जातं. बाईंनीच सांगितलंय नाव कुठे टाकू नका, त्यांच्याकडे जागा नसतात आणि नाही म्हणताना त्यांना वाईट वाटतं, म्हणून टाकत नाही. त्या भागात वाचनाच्या क्लासच्या बाई कुठे म्हणून विचारलं की कळतं.

आधी मार्क देऊन टाकते. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मनूचं थोडक्यात सांगते. मराठी माध्यम, सेमी इंग्लिश. बोलायला पहिल्यापासून चुरूचुरू, गोष्ट एकदा ऐकली की तोंडपाठ, पण दुसरी संपत आली तरी वाचताना एकेका अक्षरावर बोट ठेवून थांबायची, क्रमचं कर्म करायची आणि सूर्य आला की ती ओळच सोडून द्यायची. चौथीत वहीच्या कव्हरवर स्वतःचं नाव लिहिलं ते 'मासनी'. मी दोनदा वाचलं. तिला म्हटलं वाच काय लिहिलंयस, तर तिने मानसीच वाचलं, तिला काही चुकलंय असं दिसतच नव्हतं. ते कव्हर मी अजून जपून ठेवलंय.

शाळेत दोन वर्षं एकच ऐकलं, मोठी झाली की सुटेल. घरातही तेच, सासूबाई म्हणायच्या हिचे बाबापण असेच होते, आता बँकेत नोकरी करतोयच की. हे ऐकून मला तेव्हा बरं वाटायचं, आता वाटतं की त्या वाक्यात सगळं उत्तर होतं, आम्ही फक्त अर्धं ऐकलं. कारण हे घराण्यात चालत येतं, आई किंवा बाबांना असेल तर मुलांत असण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि 'बाबापण असेच होते' मधला 'होते' हा शब्दच चुकीचा निघाला.

बाईंच्या आधी आम्ही घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सेंटरला गेलो होतो, नाव लिहीत नाही. एसी, काचेची केबिन, भिंतीभर मेंदूचे पोस्टर. तिथे सांगितलं सहा महिन्यांत डिस्लेक्सिया पूर्ण बरा, लेखी देतो. रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम, पॅकेजचे बेचाळीस हजार, त्यातले अर्धे आधी. आम्ही भरले. सहा महिन्यांनी मनूला चष्मा लावून वाचायची छान सवय लागली होती आणि वाचन होतं तिथेच होतं. पैसे गेले त्यापेक्षा तिने मला विचारलं ना, आई मी बरी नाही झाले का, ते मला जास्त लागलं. नंतर कळलं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2009 मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलंय की रंगीत काचा आणि डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही, कारण अडचण डोळ्यात नाहीच, ती भाषेतल्या आवाजांची आहे. कोणी चष्म्याचे पैसे मागत असेल तर कृपा करून देऊ नका.

मग या बाई. कोविड होता म्हणून पहिली भेट फोनवर झाली. मी सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, बाई किती दिवसांत बरी होईल. त्या म्हणाल्या, "हे बघा ताई, हे जाणार नाही. ती वाचायला शिकेल, चांगली शिकेल, पण हे तिच्याबरोबर राहणार, मोठेपणीपण. हे पटत असेल तरच या." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आज विचाराल तर या क्लासला मी साडेचार मार्क देते त्यातले दोन त्या एका वाक्याचे आहेत. कारण तिथून पुढे आमची भलती अपेक्षाच संपली आणि काम सुरू झालं.

बाई हे उगाच म्हणत नाहीत. पालकांच्या पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलेलं मला लक्षात आहे ते लिहिते. टेक्सासमधल्या एका शाळेत 54 मुलांना पहिलीपासून चौथीपर्यंत बघत गेले, 1988 साली ते छापून आलं, त्यात पहिली संपताना जे मूल वाचनात मागे होतं ते चौथी संपतानाही मागेच असण्याची शक्यता निघाली 88 टक्के. अमेरिकेतच कनेक्टिकट राज्यात सॅली शेविट्झ नावाच्या डॉक्टरबाईंनी 1983 पासून बालवर्गातली 445 मुलं धरली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहिल्या. तिसरीत ज्यांचं वाचन कच्चं होतं त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश नववीतही कच्चीच होती. म्हणजे उशिरा का होईना आपोआप गाडी रुळावर येते असं बहुतेकांच्या बाबतीत होत नाही. मुलं पुढे जातात, पण बाकीचीही पुढे जातात आणि मधलं अंतर राहतंच.

तेव्हा हे मला आकडे वाटले. त्याचा अर्थ मला कळला मनूच्या गणिताच्या वहीच्या एका पानावर. बाई दर महिन्याला एक मिनिट घड्याळ लावून उतारा वाचून घेतात आणि चौकटीच्या पानावर ठिपका मांडतात. लाल पेन्सिलीने मनूचा, निळ्या पेन्सिलीने तिच्या इयत्तेतली मुलं साधारण किती वाचतात त्याचा. जून 2021 मध्ये मनूचे मिनिटाला 19 शब्द, त्यात सात चुका. आता 74, चूक एखादीच. लाल रेघ इतकी चढलीय की बघून छाती भरून येते. मग मी सहज दोन रेघांच्या मध्ये बोटं ठेवली. चौथीच्या टोकाला दोन बोटं मावली, आठवीच्या टोकालाही दोन बोटंच. मी बाईंकडे बघितलं, त्या म्हणाल्या, "हो. आणि क्लास नसता तर हात मावला असता." त्यामागचं कारणही त्यांनी सांगितलं, जे मूल अडखळत वाचतं ते कमी वाचतं, कमी वाचल्यामुळे शब्द कमी भेटतात, मग पुढचं पुस्तक अजून जड जातं, आणि हे चक्र कोणीतरी हाताने थांबवावं लागतं.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, एका वेळी एकच मूल किंवा फार तर दोन. एका वेळचे 600 रुपये. सुरुवातीचे महिने ऑनलाइन होते आणि मला वाटलं होतं फुकट जाणार, पण बाईंनी मला परातीत रवा पसरायला सांगितलं आणि कॅमेरा त्याच्यावर लावायला लावला, मनू आवाज म्हणत म्हणत बोटाने अक्षर गिरवायची आणि बाई पलीकडून बघायच्या. तोंड, कान, डोळे, हात सगळं एकदम कामाला. ही पद्धत त्यांची स्वतःची नाही, ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका यांच्या कामातून 1930 च्या सुमारास आलेली आहे आणि बाई ते मोकळेपणाने सांगतात. आमच्या घरी त्या वर्षी शिरा गिरवलेल्या रव्याचाच व्हायचा.

प्रत्यक्ष क्लास सुरू झाल्यावर मी पहिला महिना कोपऱ्यात स्टुलावर बसून बघितलं. बाई शब्द म्हणतात, मूल एकेक आवाज तोडून तितकी रंगीत बटणं सरकवतं, मग बटणाच्या जागी अक्षर येतं. तीन नवीन गोष्टी कधीच एकदम देत नाहीत. जुनं रोज पुन्हा, इतकं पुन्हा की मला कंटाळा यायचा, मनूला यायचा नाही, कारण तिला पहिल्यांदाच काहीतरी येत होतं.

मराठीचं जे करतात ते मला दुसरीकडे कुठेच दिसलं नाही, म्हणून जरा जास्त लिहिते. आपल्याला वाटतं मराठी जसं बोलतो तसं लिहितो, मग अडचण कसली. वाचनाच्या बाबतीत ते थोडं खरं आहे, अशा सरळ लिपीच्या भाषांत डिस्लेक्सियाची मुलं चुका लवकर कमी करतात पण वेग येत नाही. ऑस्ट्रियात जर्मन भाषेतल्या मुलांना पहिलीपासून आठवीपर्यंत बघितलं (2008 मध्ये आलं हे), त्यात पहिलीत ज्यांचा वेग कमी होता त्यातली 70 टक्के मुलं आठवीतही हळूच वाचत होती. मनूचं अगदी हेच झालंय. आणि लिहिताना तर मराठी सरळ नाहीच. पहिली वेलांटी का दुसरी, हे आपल्याला बोलताना ऐकूच येत नाही हो, मग ज्या मुलीला आवाजच नीट वेगळे करता येत नाहीत तिने काय करायचं? बाई तिला कानावर सोडतच नाहीत, जोड्यांनी शिकवतात. मूल, मुलं. फूल, फुलं. दूध, दुधाचा. मीठ, मिठाचा. गरीब, गरिबी. शब्दाच्या शेवटी काही जोडलं की आधीचं दीर्घ र्‍हस्व होतं, आणि शेवटी ई किंवा ऊ आला की तो दीर्घ. मनूने ते कपाटाच्या दारावर चिकटवलंय आणि खरं सांगते, मी स्वतः हे चाळिशीत पहिल्यांदा नीट शिकले. रफाराचं पण तसंच, र आधी उच्चारतो पण लिहितो नंतर, डोक्यावर. बाई तिला शब्द टाळी वाजवून तोडायला लावतात, सूर्-य, गर्-व, कर्-म, टाळी जिथे पडते तिथला र पुढच्याच्या डोक्यावर बसतो. सूर्यावर अडकून ओळ सोडणारी मुलगी आता सूर्यास्त लिहिते.

तरी स्पेलिंग आणि शुद्धलेखन हे सगळ्यात चिवट. वाचन सुधारलं म्हणजे लेखन सुधारेल असं मला वाटत होतं, तसं झालं नाही. बाईंनी समजावलं की वाचताना शब्द समोर असतो, ओळखायचा असतो फक्त, लिहिताना तो कोऱ्या कागदावर पूर्ण आठवून काढायचा असतो, म्हणून वाचन बरंच बरं झाल्यावरही स्पेलिंगची अडचण वर्षानुवर्षं मागे राहते. आठवीतली मनू आज अख्खं गोष्टीचं पुस्तक संपवते आणि यादीत लिहिते 'कोथींबीर'. इंग्लिशमध्ये बिकॉजचं स्पेलिंग मागच्या महिन्यात तिने एकाच निबंधात तीन वेगळ्या प्रकारे लिहिलं. एकाच पानावर तीन. पूर्वी मी ओरडले असते.

आता नवऱ्याबद्दल लिहितेय, त्याला विचारूनच. पालकांच्या दुसऱ्या मीटिंगला तो आला होता. घरी आल्यावर काही बोलला नाही, रात्री पाकिटातून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. घडी घालून घालून कापडासारखी मऊ झालेली. त्यावर इंग्लिशमध्ये आकड्यांची स्पेलिंगं, फोर्टी, नाइन्टी, एट, लॅक, थाउजंड. चेकवर अक्षरी रक्कम लिहायची वेळ आली की तो ती बघतो. एकोणीस वर्षं बँकेत आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि मला माहीत नव्हतं. फोर्टीमध्ये यू असतो का नाही हे त्याला दर वेळी नव्याने विसरायला होतं, असं म्हणाला. त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत बोलत बसलो. त्याला शाळेत ढ म्हणायचे, सुंदर अक्षर काढून पाठ केलेलं लिहून तो पास होत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने ती चिठ्ठी मनूला दाखवली. तिने नीट वाचली, मग स्वतःच्या कंपासमध्ये तशीच एक करून ठेवली, तिच्या शब्दांची.

बाईंनी तिला एक गोष्टही सांगितलीय. 1896 मध्ये इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाबद्दल लिहिलं, पर्सी त्याचं नाव, वाचताच यायचं नाही आणि स्वतःचं नाव तो प्रेसी लिहायचा. मनू म्हणाली, म्हणजे माझ्यासारखंच, मासनी. सव्वाशे वर्षांपूर्वीचा मुलगा तिला एकदम वर्गातला वाटायला लागला.

डिस्लेक्सियाच्या सरकारी सर्टिफिकेटच्या बाबतीत बाईंची मदत फार झाली, आणि हे सगळ्यांनी वाचा कारण बरेच पालक यात वेळ घालवतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी (थोडक्यात एलडी, डिस्लेक्सिया यातच मोडतो) आलेली आहे. त्यानंतर 2018 मध्ये केंद्राने जे नियम काढले त्यात तपासणी आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, मग चौदाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि अठराला मिळालेलं सर्टिफिकेट कायमचं असं होतं. मी ते वाचलं तेव्हा मला बाईंचं फोनवरचं वाक्य आठवलं, सरकारी कागदही तेच म्हणतोय की हे लहानपणापुरतं नाही. नियम मधे बदलतात, तुमच्या वेळचे विचारून घ्या. आम्ही मुंबईत सायनच्या एलडी क्लिनिकला गेलो, ठाण्याहून स्लो लोकलने, तीन खेपा झाल्या. बाईंनी आधीच्या वह्या, शाळेचे रिपोर्ट, त्यांच्या नोंदी असं सगळं फाइल लावून दिलं होतं. दहावीला जास्त वेळ मिळतो, स्पेलिंगचे मार्क कापत नाहीत, गरज असेल तर लेखनिक मिळतो. काही पालकांना वाटतं मुलावर शिक्का बसेल. मला विचाराल तर शिक्का आधीच बसलेला असतो, आळशी म्हणून, सर्टिफिकेटने तो पुसला जातो. मनूच्या वर्गशिक्षिका आता तिचा पेपर मजकूर बघून तपासतात, आणि इतिहासात तिला 80 पैकी 67 आले.

आता अर्धा मार्क कशाचा. जुनी इमारत, पहिला मजला, लिफ्ट नाही, बाहेर बसायला जागा नाही, पावसाळ्यात जिन्यात छत्री घेऊन उभं राहावं लागतं. नौपाड्यात गाडी लावायचा विचारच करू नका, स्टेशनवरून चालत या नाहीतर रिक्षा. मे महिना पूर्ण बंद, आणि त्या महिन्यात मुलं मागे घसरतात हे बाईंनाही मान्य आहे, त्या भरगच्च वही देऊन ठेवतात पण ती घरी करून घेणं सोपं नाही. घरचा अभ्यास रोज वीस मिनिटं, चुकवलं तर त्यांना लगेच कळतं आणि त्या मुलाला नाही, आपल्याला ओरडतात. माझी खरी तक्रार एकच, मोठ्या मुलांसाठी मराठीत वाचायला साहित्य कमी आहे त्यांच्याकडे. तेरा वर्षांच्या मुलीला सोपं वाचायचं असतं पण बाळबोध नको असतं, चिऊकाऊ दिलं की तिला अपमान वाटतो. मी बाईंना बोलले, आता त्या पेपरमधल्या क्रिकेटच्या आणि खाण्याच्या बातम्या सोप्या करून लिहून देतात, पण दोन वर्षं उशिरा. इंग्लिशचं मात्र भरपूर आहे.

अजून एक. कोणाला सहा महिन्यांत रिझल्ट हवा असेल तर इथे जाऊ नका, तुमचाही वेळ जाईल आणि बाईंचाही. पहिल्या सहा महिन्यांत मनूच्या शाळेतल्या मार्कांत काहीच फरक पडला नव्हता. फरक हा पडला होता की ती रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्या वाचायला लागली होती, गोखले रोडवर, हळू आवाजात, मी ऐकतेय हे तिला कळू नये अशी. मी पण मोबाइलमध्ये बघत बसले, खरं तर काही बघत नव्हते.

आणि मूल पहिली-दुसरीत असेल, अडखळत असेल, आणि शाळा म्हणत असेल थांबा, तर थांबू नका. सर्टिफिकेटला वय लागतं, शिकवायला सुरुवात करायला लागत नाही. आमची दोन वर्षं थांबण्यात आणि एक चष्म्यात गेलं.

नवीन मुलं बाई जूनमध्ये घेतात, पण एप्रिलमध्येच विचारून ठेवा. दुपारी दोन ते चार फोन घेतात, संध्याकाळी अजिबात नाही. पहिल्या भेटीला मुलाची जुनी वही घेऊन जा, खोडलेली, फाटलेली, लाल शाईने भरलेली असली तरी चालेल. आम्ही नवीन कोरी घेऊन गेलो होतो, बाईंनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ती कव्हरवर मासनी लिहिलेली आणा.